रसग्रहणाचा तास: गाणं ऐकवावं की ताल धरायला लावावा?

साठ मुलांच्या वर्गात शास्त्रीय संगीत रुजवायचं तर ध्वनिमुद्रण ऐकवता येतं, नाहीतर हातावर ताल धरायला लावता येतो.

ऐकवायचं असेल तर पहिल्याच तासाला ४० मिनिटांचा ख्याल (रागाची सविस्तर गायकी) नको, लक्ष उडतं. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी रागातली ध्वनिमुद्रिका घ्या. १९७७ साली ही भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेली, हे आपल्या कोल्हापूरच्या मुलांना ठाऊक असायलाच हवं! ती तीनदा लावा आणि दर खेपेला एकच प्रश्न विचारा: मुखडा (बंदिशीची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ) किती वेळा आला, श्वास कुठे घेतला, आवाज कुठे मोठा झाला.

तालाला साधन लागत नाही. तीनतालाच्या १६ मात्रा, म्हणजे ठोके. १, ५, १३ वर टाळी, ९ वर खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. अर्ध्या वर्गाने ठेका (तालाचे ठरलेले बोल) बोलायचा, अर्ध्याने हात द्यायचा. मुलं खालीनंतर हमखास लयीत पुढे पळतात, कारण टाळीचा आधार सुटतो. तिथे बोटांवर मात्रा मोजायला लावा. लय मध्यच ठेवा, सेकंदाला साधारण दोन मात्रा. मग तबला ऐकवा: १० ते १३ मात्रांत डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा) घुमारा थांबतो, तो कानांनी पकडायचा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हा फरक कळत नाही, खर्ज त्यातून नीट येतच नाही.

पहिले चार तास तालालाच द्यावेत. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अंगात भिनली की मुलं गाण्यात तिची वाट पाहू लागतात. सुरांचा लगाव (सूर लावण्याची पद्धत) मात्र ऐकूनच कळतो. कोल्हापुरातल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत मैफल असेल तेव्हा वर्ग तिकडेच न्यावा.