ब्रनो मॉडेल २ : अकरा महिने आणि दहा सूत

गेल्या महिन्यात रेंजवर माझ्या रायफलमध्ये उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी अडकली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा आणि पुंगळी बाहेर ओढणारा दांडा, मागे आला, पण पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीतच राहिली, आणि शेवटी साफसफाईचा रॉड नळीच्या तोंडातून घालून ती मागे ढकलावी लागली. या रायफलवर लिहायचे बरेच दिवस टाळत होतो, कारण अकरा महिन्यांत तिच्याबद्दलचे माझे मत तीनदा बदलले होते. ही पुंगळी निघाल्यावर चौथ्यांदा बदलले, म्हणून आता लिहून टाकतो.

रायफल म्हणजे जुनी ब्रनो मॉडेल २, ‘०.२२ लाँग रायफल’ नावाच्या काडतुसाची, चेकोस्लोव्हाकियात बनलेली, पाच गोळ्यांच्या मॅगझिनची. ज्यांनी एनसीसीत पालथे पडून २५ मीटरवर पॉइंट टू-टू चालवली आहे त्यांना बोल्ट कसा चालतो हे सांगायला नको. नव्या आयात रायफली सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे आपल्याकडे चांगली बोल्ट-ॲक्शन ०.२२ हवी असेल तर बहुतेक वेळा अशी वापरलेलीच शोधावी लागते. शिवाय २०१९ च्या शस्त्र कायद्यातील दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यातली एक जागा चुकीच्या रायफलीने अडवली तर ती चूक वर्षानुवर्षे कपाटात राहते, हा हिशेब मी खरेदीपूर्वी अनेकदा केला होता. हिशेब बरोबर होता. तपासणी अपुरी होती.

परवानाधारकाने परवानाधारकाला शस्त्र विकायचे म्हटले की कायद्यानुसार लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. त्या ४५ दिवसांत मी ती रायफल दोनदा पाहून आलो. नळीत उजेड टाकून आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, पाहिले, नळीचे तोंड नखाने चाचपले, बोल्टची ढिलाई पाहिली, मॅगझिन वीस वेळा काढले-घातले. जे पाहायला एक साधी टेप पुरली असती ते मात्र पाहिले नाही : चापापासून दस्त्याच्या शेवटापर्यंतचे अंतर. विक्रेत्याने ‘पूर्ण मापाची’ असे सांगितले होते, आणि साधारण दोन फुटांची नळी पाहून मीही ते मान्य केले.

पहिले चार महिने फार वाईट गेले. ५० मीटरवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, पाच गोळ्यांचा गट, म्हणजे त्यांच्या भोकांचा पसारा, ५५ ते ६० मिलिमीटरच्या आत येईना. या रायफलीने चांगल्या काडतुसांवर याच्या निम्म्या जागेत गोळ्या टाकायला हव्यात, अशी माझी समजूत होती आणि ती आजही आहे. मी आधी काडतुसांना दोष दिला आणि तीन प्रकारची काडतुसे आणली, त्यातली एक पेटी ऑलिंपिकच्या दर्जाची, जिच्या एका गोळीच्या किमतीत आमच्याकडे एका माणसाचा चहा-नाश्ता होतो. मग वाऱ्याला दोष दिला, मग चष्म्याच्या नंबराला. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तो बदललेला नव्हता. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेला तेव्हा उन्हालाही दोष देऊन झाला. या सगळ्या काळात दोन गोष्टी रोज घडत होत्या आणि मी त्यांची नोंद घेत नव्हतो. एक, नेम धरला की उजव्या हाताचा अंगठा नाकाला लागत असे. दुसरी, तासाभरानंतर मानेत कळ येत असे. माझी उंची ५ फूट १० इंच आहे आणि वय पन्नाशीच्या पुढे, त्यामुळे मानेची कळ मी वयाच्या खात्यावर टाकली.

खरे कारण सापडले ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वृद्ध सुताराकडे. हयातभर त्यांनी हातमागाचे लाकडी सुटे भाग आणि धोटे दुरुस्त केले आहेत. दस्त्याला मागच्या टोकाशी बारीक चीर दिसली म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला होता. दोन स्क्रू काढून नळी आणि बोल्ट घरी कुलपात ठेवले आणि नुसते लाकूड पिशवीत घालून नेले, कारण रायफल परवाना नसलेल्या माणसाच्या हाती सोपवता येत नाही. त्यांनी दस्ता उलटा धरला, टोकाची पट्टी काढली, उघड्या लाकडावरून अंगठा फिरवला आणि मान वर न करता म्हणाले, “साहेब, हे कापलेलं आहे. करवतीचा माग बघा. लहान पोरासाठी कापलं असणार.” पट्टीखाली जुन्या स्क्रूची दोन भोके होती, अर्धवट कापलेली, आणि त्यांच्या बाजूला नवी दोन. मी ती पट्टी कधी उघडलीच नव्हती. त्यांनी फूटपट्टी लावली आणि माप सांगितले तेही सुतातच : मूळ लाकूड ‘दहा सूत’ जास्त असणार. दहा सूत म्हणजे सव्वा इंच. चापापासून टोकापर्यंत १२ इंच २ सूत भरले. हे माप बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे आहे. प्रौढ माणसाच्या रायफलीला हे अंतर साधारण साडेतेरा ते चौदा इंच लागते, आणि माझ्या हाताला चौदा.

नंतर घरी मी ती जुनी चाचणी करून पाहिली, जी खरेदीच्या दिवशी करायला हवी होती. रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचे टोक कोपराच्या वळणात ठेवावे आणि तर्जनी चापाकडे न्यावी. बोटाचे पहिले पेर सहज चापावर आले तर माप ठीक. माझे दुसरे पेरही चापाच्या पुढे जात होते. या परीक्षेला दहा सेकंद लागतात आणि पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा ती कोणी करत नाही.

लाकडाच्या सव्वा इंचाने गोळ्यांचा गट दुप्पट कसा होतो, हे मलाही आधी पटले नाही. ०.२२ ला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे आखूड दस्ता खांद्याला दुखापत करत नाही आणि दोष लपून राहतो. पण दस्ता आखूड असला की डोके आपोआप पुढे आणि खाली वाकते, गाल दस्त्यावर दरवेळी वेगळ्या जागी टेकतो, आणि डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेवर राहत नाही. माझी दुर्बीण १०० यार्डांसाठी जुळवलेली, मोठ्या रायफलीची. ५० मीटरवर अशा दुर्बिणीतून डोळा जरा जरी सरकला तरी क्रॉस, म्हणजे नेम धरायची फुली, लक्ष्यावरून हलल्यासारखा दिसतो, ज्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. म्हणजे मी दरवेळी क्रॉस अचूक ठेवत होतो आणि दरवेळी तो वेगळ्या जागी होता. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या रेंजवर नळ्यांची आणि काडतुसांची चर्चा भरपूर झाली. त्या प्रकारच्या मॅच रायफलींचे दस्त्याचे टोक आणि गालाचा आधार मागे-पुढे, वर-खाली सरकवता येतात, आणि पालथे पडून, गुडघ्यावर व उभे राहून अशा प्रत्येक स्थितीसाठी नेमबाज ते जुळवून घेतात, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. माझेही नाही.

सुतारबुवांनी शिसवाचा दहा सुतांचा ठोकळा मूळ दस्त्याच्या गोलाईला मिळवून बसवला आणि त्यावर मी चार सुतांचे रबरी पॅड लावले. एकूण चौदा सूत वाढले आणि अंतर बरोबर चौदा इंच झाले. शिसव आणि दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड यांचा रंग जुळत नाही, हे मला पहिल्या दिवशी खटकले. आता ती काळी पट्टीच आवडते. मजुरी ३५० रुपये झाली. त्या महागड्या काडतुसांच्या पेटीचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण घरातलेही हे वाचतात. पुढच्या रविवारी त्याच दुर्बिणीने, एसके स्टँडर्ड प्लस काडतुसांवर, पाचपाच गोळ्यांचे चार गट मारले. चारांपैकी सर्वांत मोठा २८ मिलिमीटरचा होता. अंगठा नाकापासून दोन बोटे दूर राहिला.

त्यानंतर मला रायफलचे बाकीचे गुण दिसू लागले, जे आधीच्या चिडचिडीत दिसले नव्हते. लांब नळीमुळे वेग वाढतो असे अनेकांना वाटते, पण ०.२२ ची दारू साधारण १६ ते १८ इंचांतच जळून संपते, त्यामुळे वेगाचा फायदा नगण्य आहे. फायदा आहे तो वजन पुढे राहिल्याने हात स्थिर होण्याचा, आवाज मवाळ होण्याचा, आणि दुर्बीण न वापरता साध्या साइट्सवर शिस्त धरायची असेल तर पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर वाढण्याचा. मुलांच्या मापाच्या आखूड, हलक्या रायफली उचलायला छान वाटतात, पण उभे राहून नेम धरताना माझ्यासारख्याच्या हातात त्या पाखरासारख्या फडफडतात. दुर्बीण बसवायच्या ११ मिलिमीटरच्या खाचांमुळे माझ्या एअर रायफलच्या दुर्बिणीच्या रिंगा इथे तशाच बसल्या, तेवढा खर्च वाचला. बोल्ट जवळजवळ काटकोनात उचलावा लागतो. याच वंशातल्या आजच्या सीझेड ४५७ मध्ये तो ६० अंशांतच उघडतो आणि दुर्बिणीखाली बोटे अडत नाहीत, हे मान्य करावे लागेल.

आता पुंगळीकडे. दस्ता नीट झाल्यावर उत्साहाच्या भरात मी रोज रात्री पंधरा मिनिटे घरी रिकाम्या रायफलीचा चाप ओढण्याचा सराव सुरू केला होता. ०.२२ सारख्या रिमफायर काडतुसात पेटणारे रसायन बुडाच्या मध्यभागी नसते, ते कडेच्या घडीत असते, आणि चाप ओढल्यावर बोल्टमधली पिन त्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते. पिन तेवढी पुढे येऊ नये अशी व्यवस्था चांगल्या रायफलींत असते, पण इतक्या वर्षांच्या झिजेनंतर तिच्यावर विसंबण्यात शहाणपणा नव्हता. भिंगाखाली पाहिले तर काठावर तांदळाच्या कणीएवढा खड्डा होता आणि त्याच्यामागचा धातू आत, पुंगळीच्या वाटेत फुगला होता. यात माझ्या सवयीचा वाटा किती आणि आधीच्या मालकाचा किती, ते मी ठरवू शकत नाही. एका विक्रेत्याने फोनवरच “नळी बदलावी लागेल” असे सांगून जो खर्च सांगितला, त्यात दुसरी रायफल आली असती. पुण्याच्या एका गनस्मिथने मात्र चेंबरच्या मापाची निमुळती पोलादी सळई आत घालून तो फुगवटा दाबला आणि गोलाई पूर्ववत केली. अर्धा तास लागला. तेव्हापासून सरावाच्या वेळी चेंबरमध्ये वापरलेली पुंगळी घालतो आणि दर वेळी ती थोडी फिरवतो, म्हणजे पिनेला न दबलेली कड मिळते.

एक सूचना फक्त आपल्या भागासाठी. ०.२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा लेप असतो. मे महिन्यात दुपारी गाडीत राहिलेल्या पेटीतली काडतुसे हाताळली तेव्हा बोटांना तो चिकटून आला, आणि त्या दिवशीचा गट पुन्हा चाळीस मिलिमीटरवर गेला. आता काडतुसे डब्याच्या पिशवीत, ताकाच्या बाटलीशेजारी जातात.

मागच्या आठवड्यात रेंजवरच्या एका मित्राबरोबर त्याच्यासाठी रायफल पाहायला गेलो. मी खिशातून टेप काढून दस्त्याला लावली तेव्हा दुकानदाराने विचारले, “काका, फर्निचर घ्यायला आलात की बंदूक?” माप १३ इंच ४ सूत भरले. टोकाची पट्टी काढून दाखवा म्हटल्यावर तो जरा कुरकुरला, पण काढली. खाली भोके दोनच होती, मूळची. मित्राची उंची ५ फूट ६ इंच आहे. कोपराच्या वळणात दस्ता ठेवून त्याने बोट चापाकडे नेले आणि पहिले पेर जिथे हवे तिथे टेकले, तेव्हा कुठे आम्ही नळीत उजेड टाकून पाहिला.