पैठणीवरचं रेडिमेड ब्लाउज: छातीला बसतं, दंडाला अडतं

लग्नसराईत संभाजीनगरच्या गुलमंडी-औरंगपुऱ्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत ब्रोकेडची रेडिमेड ब्लाउजं धडाक्यात खपतात. टेलरकडे नंबर लागत नाही आणि लग्न तोंडावर आलेलं असतं. रंग, जर, गळ्याचं काम यांत बराचसा माल सरस आहे. फिटिंगमध्ये तो मार खातो, आणि दोष मात्र बाई स्वतःच्या अंगाला देते.

३६ नंबर म्हणजे फक्त छातीचा घेर. दंड, मुंढा (बाही जोडतात तो बगलेभोवतीचा घेर), खांदा हे कारखान्यानं एकाच बांध्यावरून गृहीत धरलेलं असतं. बाहीचा घेर साधारण १२ इंचांचा निघतो. खुरपणी करणाऱ्या, पाण्याच्या घागरी उचलणाऱ्या बाईचा दंड १३ इंच असला तर त्यात वावगं काय? दंडासाठी ४० नंबर घ्यावा तर खांदे उतरतात आणि गळा सुटतो. मग दुकानदार म्हणतो, “ताई, तुमच्या मापात येत नाही.” आईसोबत आलेली नववी-दहावीतली मुलगीही हे ऐकत असते, हे फार वाईट आहे. माप मुळात मालाचंच चुकलेलं असतं. भारतीय बांध्यांचा स्वतःचा तक्ता हवा म्हणूनच तर निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं ‘इंडियासाइझ’ सर्वेक्षण हाती घेतलं: सहा शहरं, २५,००० वर माणसं, थ्रीडी स्कॅनरनं मापं.

दर्शनी पुतळा एकदा मागून बघा. पाठीवर टाचण्या किंवा चिमटे लावून कापड ओढलेलं असतं. तसं बसणारं ब्लाउज पुतळ्याच्याही मापाचं नसतं!

घेताना टेप सोबत ठेवा. ब्लाउज सपाट पसरून एका बगलेपासून दुसरीपर्यंत मोजा, दुप्पट करा. छातीच्या मापापेक्षा इंचभर जास्त हवं. बाहीचा घेर दंडापेक्षा अर्धा ते एक इंच मोकळा हवा. मग उलटं करून बगलेखालचं मार्जिन, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड बघा. कापडाच्या प्रत्येक थराला अर्धा इंच सोडता आला तर घेरात पूर्ण २ इंच मिळतात, कारण दोन्ही बाजूंचे पुढचे-मागचे मिळून चार थर सुटतात. मार्जिन पाव इंचावर कापून ओव्हरलॉक (कडेला मशीनची गुंफण) केलं असेल तर ते ब्लाउज घेऊच नका. ब्रोकेडला उसवलेल्या शिलाईची भोकं दिसतात, हेही ध्यानात ठेवा. मुंढाच घट्ट असेल तर नुसती बाही उसवून भागत नाही. बगलेत जोड द्यावा लागतो.

पॅडवाल्या ब्लाउजमध्ये खांद्यापासून टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या चुणीच्या) टोकापर्यंतचं अंतर स्वतःच्या मापाशी ताडून बघा. अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक असला तरी पॅड वर-खाली बसतो, चुण्या पडतात, आणि बाईला वाटतं आपल्यालाच शेप नाही.

रोजच्या वापराला कॉटन-लायक्रा स्ट्रेच ब्लाउज खुशाल घ्या, ते दंडाला सैल होतं. पैठणीवरचं मात्र टेलरकडूनच शिवून घ्या, आणि कापड देतानाच बगलेला इंचभर मार्जिन ठेवायला सांगा.