लाल देऊळ की निळं सिनेगॉग? वऱ्हाडातून निघणाऱ्यांसाठी

कापसाची वेचणी आटोपली की आपल्या गावांतून पुण्या-मुंबईच्या फेऱ्या सुरू होतात. कोणाला दवाखाना असतो, कोणाला पोराचं वसतिगृह, कोणाला शाळेची सहल. त्यातच अर्धा दिवस काढून ज्यूंचं जुनं प्रार्थनागृह बघायचं असेल, तर पुण्याच्या कॅम्पातलं ओहेल डेव्हिड बघावं की मुंबईत काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू?

दोन्ही बगदादहून आलेल्या ससून घराण्याची. पुण्याचं डेव्हिड ससून यांनी 1863 मध्ये बांधायला घेतलं, 1867 मध्ये पुरं झालं. मुंबईचं त्यांचे नातू जेकब ससून यांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ 1884 मध्ये उभं केलं. घराण्याचा पैसा अफूचा, तसाच कापसाचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दिवसांत पुण्याचा पाया खोदला गेला. आणि 1867 मध्येच आगगाडी नागपूरला पोचली. म्हणजे बाप्पा, ही वास्तू आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

बाहेरून बघायचं तर पुण्याला तोड नाही. लाल विटा आणि काळा पाषाण, टोकदार गॉथिक कमानी आणि वर सुमारे 90 फुटी मनोरा, त्यात लंडनहून आणलेलं घड्याळ. लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात ते या विटांमुळे. पाषाण मात्र आपल्याकडच्या जुन्या विहिरींच्या बांधकामात असतो तोच, दख्खनच्या लाव्ह्याचा. वास्तुविशारद हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. ससून हॉस्पिटलची जुनी इमारतही त्यांचीच, त्यामुळे दवाखान्याच्या कामाने जाणाऱ्याला एकाच हातची दोन कामं पाहता येतात. डेव्हिड ससून यांची कबरही सिनेगॉगच्या आवारातच आहे. भोवती मोकळी जागा असल्याने मागे सरकून मनोरा पायथ्यापासून शेंड्यापर्यंत नजरेत मावतो.

मुंबईत तशी सोय नाही. चिंचोळ्या रस्त्यावर दाटीत उभी असलेली ही इमारत, गॉस्टलिंग आणि मॉरिस यांनी आखलेली. खाली दगडी तळमजला, प्रार्थनेचं दालन वरच्या मजल्यावर. बाहेरून निळा-पांढरा रंग सोडला तर ती चटकन मनात भरत नाही, असं माझं मत. पण जिना चढून वर गेलात की बाजू पालटते. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांच्यावर तोललेला बायकांचा सज्जा, मधोमध वाचनाचा चौथरा, आणि पश्चिमेच्या भिंतीत तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांचं कपाट. पश्चिमेलाच का, तर इथून जेरुसलेम त्या दिशेला. मूर्ती नाही, चित्र नाही. म्हणून सगळी नक्षी खांबांत, लाकडात आणि रंगीत काचांत उतरली आहे. मोठ्या रंगीत काचा पश्चिमेलाच असल्याने दुपार कलल्यावर जावं. मधल्या काळात भिंतींत पाणी मुरत होतं, रंगांचे थरावर थर चढले होते. जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आणि 2019 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. दुरुस्ती कशी करावी हे शिकायचं असेल, तर ही इमारत त्याचा चांगला धडा आहे.

मग ठरवायचं कसं? सहलीची पोरं असतील तर पुणे. मनोरा आणि घड्याळ त्यांच्या ध्यानात राहतं आणि आत प्रवेश मिळाला नाही तरी फेरी वाया जात नाही. प्रार्थनागृह आतून चालतं कसं हे समजून घ्यायचं असेल, किंवा जुन्या वाड्याच्या डागडुजीचा विचार डोक्यात असेल, तर मुंबई. तिथेच पायी अंतरावर डेव्हिड ससून वाचनालयही आहे. गुडघे दुखणारी आजी सोबत असेल तर मुंबईचा जिना आधी लक्षात घ्या.

गाडीचा प्रश्न नाही. वर्ध्याहून मुंबईला सेवाग्राम किंवा विदर्भ, पुण्याला महाराष्ट्र किंवा आझाद हिंद. दोन्हीकडे पहारा कडक, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटोचं आधी विचारा. शुक्रवारची संध्याकाळ ते शनिवारची संध्याकाळ ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस असतो, तेवढा वेळ टाळून तिकीट काढा.