सायकसची कुंडी बदलताना: मातीची, प्लास्टिकची की सिमेंटची?

तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली, घातलेलं पाणी न मुरता कडेनं निघून जायला लागलं, की सायकसची कुंडी बदलायला झाली. नर्सरीत गेल्यावर सगळे आधी प्रकार बघतात. माझ्या मते आधी माप बघावं.

दहा इंची कुंडीतलं झाड बारा इंचीत न्या, बस्स. ‘एकदाच काय ते’ म्हणून मोठ्या ड्रमात लावायचा मोह होतो, पण सायकसला पानांचा नवा झुपका वर्षातून साधारण एकदाच येतो. एवढी माती त्याची मुळं व्यापत नाहीत. मग ती पावसाळाभर ओली राहते आणि खोडाचा गड्डा खालून सडतो.

कोकणात, मुंबईत झाड पावसात उघड्यावर राहणार असेल तर मातीची कुंडी घ्यावी. तिच्या भिंतीतूनही ओल उडून जाते. मात्र पोट फुगीर आणि गळा अरुंद अशी घेऊ नका, पुढच्या वेळी झाड बाहेर काढायला ती फोडावीच लागते.

प्लास्टिकची हलकी, गॅलरीला सोयीची. ओल टिकते, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी निभावतं. पण काळं प्लास्टिक उन्हात तापतं, आणि पानांचा पसारा मोठा असला की वाऱ्यानं कुंडी आडवी होते. भोकं कमी असतील तर वाढवून घ्या.

सिमेंटची बंगल्याच्या फाटकाशी शोभते. एकदा ठेवली की हलवायचं नाव नको.

बदल फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवा झुपका फुटायच्या आत करावा. कोवळ्या पानांना धक्का लागला तर ती वाकडीच राहतात. जुनी पानं सुतळीनं वर बांधून घ्या, हातमोजे घाला. टोकं चांगलीच टोचतात. मातीत भरपूर जाड वाळू मिसळा आणि गड्डा आधी होता त्याच पातळीवर ठेवा. वरच्या थरात पोवळ्यासारखी गाठाळ मुळं दिसतील. रोग समजून ती छाटू नका: त्यांच्यातले सूक्ष्मजीव हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात.

घरात कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर कुंडीच्या आधी जागा ठरवा. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, बिया सर्वांत जास्त.