ध्रुपद आणि ख्याल
ध्रुपद आणि ख्याल हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातले दोन गायनप्रकार. ध्रुपद ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) यांच्या आश्रयाने बहरले, तर ख्यालाला प्रतिष्ठा मिळाली ती मुघल बादशहा मुहम्मद शाहाच्या (१७१९–१७४८) दरबारातील नियामत खाँ ऊर्फ सदारंग यांच्या बंदिशींमुळे. गंमत म्हणजे सदारंग स्वतः ध्रुपद परंपरेतले बीनकार (रुद्रवीणावादक) होते. ध्रुपदात तालाविना चालणारी दीर्घ नोमतोम आलापी (‘नोम’, ‘तोम’ अशा अर्थहीन अक्षरांवरचा स्वरविस्तार) रागाचा एकेक स्वर सावकाश उलगडते आणि त्यानंतर पखवाजाच्या साथीने, बहुधा बारा मात्रांच्या चौतालात, स्थायी, अंतरा, संचारी व आभोग असे चार भागांचे पद येते. ख्यालात दोनच भाग उरले, पखवाजाची जागा तबल्याने घेतली आणि तानेला (जलद स्वरांच्या लडीला) मानाचे स्थान मिळाले. रागाचे स्वरूप समजून घेण्यासाठी मला ध्रुपदाची आलापी अधिक उपयोगी वाटते. गायकाची कल्पकता मात्र विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालातच खरी कळते.