लेकीची बटणावरची गाडी, काही महिने वापरल्यावरचा अनुभव

लेकीला एसएमए टाइप 2 (स्नायू कमजोर होत जाणारा आनुवंशिक आजार) आहे, अडीच वर्षांची आहे, बसवली की बसते पण रांगणं, उभं राहणं नाही. मुलांच्या बॅटरीवरच्या गाड्या मिळतात ना 12 व्होल्टच्या, तीच घेतली. त्यातलं पायाचं पेडल म्हणजे खरंतर नुसता स्विच असतो, आमच्या इलेक्ट्रिशियन दादांनी त्याच्या वायरी वर ओढून स्टिअरिंगवर मोठं बटण बसवलं, दाबलं की गाडी चालू, हात काढला की बंद. आयडिया 'गो बेबी गो' ची, म्हणजे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात असताना कोल गॅलोवे यांनी सुरू केलेला, हालचालीला अडचण असलेल्या मुलांसाठी खेळण्यातल्या गाड्या अशा बदलून देणारा उपक्रम.

बटणापेक्षा जास्त वेळ गेला सीटला, आणि तो द्याच. एसएमएत पाठीचा कणा वाकायची भीती असते, शिवाय अंग एका बाजूला कललं की तोल सांभाळण्यातच हात अडकतो, मग बटण दाबणार कशाने? फिजिओ मॅडमनी मापं घेतली, दोन्ही बाजूंना पीव्हीसी पाइप आणि त्यावर फोम, छातीला रुंद पट्टा.

सुरुवातीला गाडी झटका देऊन निघायची आणि ही रडायची. स्लो स्टार्टवाली गाडी बघूनच घ्या. पण एकदा कळलं की आपण दाबलं म्हणून गाडी हलली, मग काय! आता मनगट टेकवून दाबते, थेट चपलांच्या रॅकपाशी जाऊन थांबते, बाबाची चप्पल ओढून खाली पाडते आणि माझ्याकडे बघते. हे याआधी तिला कधी करताच आलं नव्हतं हो, आम्ही ठेवू तिथंच बसून राहायची. बोलणंही वाढलंय, "आई तिकडे" "नको, थांब" दिवसभर चालू असतं.

सासूबाईंना वाटायचं सवय लागेल, मग हातपाय हलवायचा प्रयत्नच करणार नाही. तसं काही झालं नाही, व्यायाम आणि स्टँडिंग फ्रेम (आधार देऊन उभं करणारी चौकट) रोज चालूच आहे. आणि एवढ्या लहान मुलांना पॉवर व्हीलचेअर शिकता येते हे अमेरिकेत संशोधक शार्लीन बटलर यांनी 1980 च्या दशकातच दाखवलंय, तरी आपल्याकडे अजून "मोठी होऊ दे, मग बघू" हेच ऐकायला मिळतं, याचा फार त्रास होतो.

गाडीचे प्रॉब्लेम पण आहेत. प्लास्टिकची चाकं टाइल्सवर घसरतात, सायकलची ट्यूब कापून चिकटवली तेव्हा पकड आली. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण उतरवून ठेवली की खराब होते, वापरली नाही तरी चार्ज करत राहा. वायरिंगला फ्यूज हवाच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्टिअरिंग फिरवायची ताकद तिच्यात नाही, वळवायचं काम रिमोटने मीच करते, त्यामुळे जॉयस्टिकवाल्या छोट्या व्हीलचेअरची चौकशी आत्तापासूनच सुरू केलीये.