दोडका की मेथी? बाल्कनीत एकच लावायचं असेल तर

घरची भाजी लावायची म्हटलं की बहुतेक जण आधी जागा मोजतात. माझं म्हणणं, आधी महिना बघा. दोडक्याचा वेल आणि मेथी या दोघींची निगा इतकी वेगळी आहे, आणि हंगाम तर जवळजवळ उलटे, की अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो.

दोडक्याला ऊब लागते. बी मृगाच्या पावसाबरोबर, म्हणजे जून-जुलैत टाकावं, नाहीतर थंडी ओसरायला लागली की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. ऐन डिसेंबरात टाकलं तर बी रुजायलाच रडतं, आणि रुजलं तरी रोप वीतभर होऊन तिथेच थांबतं. मेथीला थंडी मानवते. कोजागिरी झाली की पेरायला सुरुवात करावी, ती फेब्रुवारीपर्यंत. मुसळधार पावसात मेथीची कोवळी रोपं मातीलगत कुजून आडवी पडतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात पानं नीट धरायच्या आतच ती फुलावर येते. बाजारात मेथी वर्षभर दिसते म्हणून कुंडीतही वर्षभर येईल, असं धरून चालू नका.

आता ऊन. दोडक्याला रोज किमान सहा तास थेट ऊन हवंच, त्यात तडजोड नाही. सावलीत वेल वाढतो, पानंही मोठी होतात, पण फळ धरत नाही. मेथी चार तासांच्या कोवळ्या उन्हावरही भागवते. त्यामुळे पूर्वेकडची बाल्कनी, जिथे दुपारी बाराला ऊन निघून जातं, ती मेथीची. गच्ची किंवा पश्चिमेकडची मोकळी बाजू दोडक्याची.

मातीचा हिशेब सोपा आहे. मेथीला सहा इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो. दोडक्याला एका वेलासाठी निदान वीस लिटरची ग्रोबॅग किंवा जुनी बादली लागते, आणि चढायला मजबूत आधार. वरच्या मजल्यावर वारा फार असतो. नुसती सुतळी बांधून मोकळं होऊ नका. जाळी ताणून बांधा, ताण्यांना धरायला काहीतरी मिळालं की पुढचं काम वेल स्वतः करतो. बाल्कनीबाहेर वेल सोडायचा असेल तर खालच्या घरातल्यांना आधी विचारा, कारण पाणी आणि वाळकी पानं त्यांच्याच दोरीवरच्या कपड्यांवर पडणार असतात.

खताच्या बाबतीत मात्र दोघांचे स्वभाव नीट समजून घ्यायला हवेत. मेथी डाळवर्गातली आहे. तिच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात. एखादं रोप हळूच उपटून मुळं धुऊन बघा: बारीक गाठी दिसतील, आणि नखाने गाठ फोडल्यावर आत गुलाबी रंग असेल तर काम जोरात चालू आहे. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) या गाठी सहसा दिसत नाहीत, म्हणून मिश्रणात थोडी बागेतली माती घाला. सुरुवातीला गांडूळखत मिसळलं की मेथीला पुढे महिनाभर काही द्यायची गरज नाही.

दोडका खादाड आहे. दर पंधरा दिवसांनी मूठ-दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड आळ्यात मिसळून द्यावी लागते. पण नत्राचा मारा केला तर वेल पानांनीच माजतो आणि नुसती नर फुलं येत राहतात. सुरुवातीची बरीच फुलं नराचीच असतात, त्याने घाबरू नका. मुख्य वेल माणसाच्या उंचीचा झाला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

आणि इथेच दोडक्याची खरी अट येते. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. घोसाळ्याची सकाळी, दोडक्याची दिवेलागणीच्या सुमारास. शहरात त्या वेळी फिरणारे कीटक कमी, त्यामुळे परागीभवन पुष्कळदा हातानेच करावं लागतं. मादी फूल ओळखायला सोपं: देठाशी करंगळीएवढा, शिरा असलेला छोटा दोडका असतो. नर फुलं घोसात येतात, मागे काही नसतं. ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पिवळे पराग मादीच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचे. जमलं तर दोन-तीन दिवसांत छोटा दोडका फुगायला लागतो, नाही जमलं तर पिवळा पडून गळतो. संध्याकाळी सात-आठला तुम्ही घरीच नसाल, तर दोडक्याचा विचार दोनदा करा. ही गोष्ट बियांच्या पाकिटावर लिहिलेली नसते आणि ‘फुलं येतात पण फळ धरत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

किडींचंही असंच. मेथीवर मावा येतो, पण महिन्याभराच्या पिकाला तो फार छळायच्या आत भाजी खुडून झालेली असते. दोडक्याला रोपावस्थेत लाल भुंगेरे पानं चाळणीसारखी करतात, पुढे पानांवर भुरी आणि केवडा हे रोग, आणि सगळ्यांत मोठी शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते. त्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकडं होतं आणि आतून सडतं. त्यावर सापळा लावायचा तर क्यूल्युअरचा (माशीला ओढून घेणारं एक आमिष) मागा. आंब्यासाठी मिळणारा मिथाईल युजेनॉलचा सापळा वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीवर चालत नाही. दुकानात ‘फळमाशीचा सापळा’ एवढंच सांगितलं तर तोही हातात पडू शकतो. दोन-चारच फळं असतील तर परागीभवनानंतर फळाला कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधणं सगळ्यांत बरं. सडलेली फळं कुंडीत टाकू नका, अळ्या तिथल्याच मातीत कोषात जातात.

पाणी दोघांनाही लागतं, पण मेथीला झारीने, हलकं. उन्हाळी दोडक्याला सकाळ-संध्याकाळ. दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर मुळांना पुरेसं मिळतंय.

घरापासून दूर जाण्याचं गणितही मांडा. जूनमध्ये लावलेला दोडका साधारण दोन महिन्यांनी फळायला लागतो, म्हणजे नेमका गणपतीच्या सुमारास. कोकणात गावी आठ-दहा दिवस जाणाऱ्यांनी मागे पाणी घालणारं, फळं तोडणारं कोणीतरी ठेवायलाच हवं, कारण वेळेवर न तोडलेले दोडके निबर होतात आणि वेल नवी फळं धरणं कमी करतो. मेथी सुट्ट्यांच्या मध्ये बसवता येते. दिवाळीहून परतल्यावर पेरली तर पंचवीस-तीस दिवसांत भाजी तयार. एकदम सगळी पेरण्यापेक्षा दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरा. उपटण्याऐवजी मातीलगत कापली तर गाठींसकट मुळं मातीतच राहतात, तो पुढच्या पिकाचा फायदा.

वाण निवडताना दोडक्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण हरिता आणि राहुरीचा फुले सुचेता, मेथीत राहुरीचीच फुले कस्तुरी बघावी. मेथी तर स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवूनही रुजते. एक मात्र कटाक्षाने पाळा: दोडका चिरताना छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा टाकून द्या, शिजवून त्यातला विषारी कडवटपणा जात नाही, आणि त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात.

पहिल्यांदाच लावणाऱ्याला, संध्याकाळी उशिरा घरी येणाऱ्याला, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मी मेथीच सांगेन. उन्हाची गच्ची आणि संध्याकाळी घरात कोणीतरी असेल, तर दोडका लावा; एक निरोगी वेल आठवड्याला दोन-तीन दोडके देतो आणि त्याच्या शिरांची तिळाची चटणी वेगळीच. अगदीच ठरत नसेल आणि दिवस पावसाळ्याचे असतील, तर मायाळू लावा. तो वेलही आहे आणि पालेभाजीही, मांडवावर चढतो, पानं खुडत राहायची, परागीभवनाची वाट बघावी लागत नाही. देठाचा तुकडा मातीत खोचला तरी लागतो.